अठराव्या रस्त्यावरील भिंती

शिकागो शहराच्या मध्यभागापासून नैर्ऋत्येस थोड्या अंतरावर पिल्सेन नावाची वस्ती आहे. नाव बोहेमियातल्या एका गावाचे, चर्चे चेक, पोल, जर्मन आणि लिथुआनियन लोकांनी उभारलेली, आणि गेली साठ वर्षे तेथे राहणारी माणसे प्रामुख्याने मेक्सिकोची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस आम्ही महिनाभर त्या शहरात मुक्कामास होतो. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी तिकडच्या एका उपनगरात धर्मग्रामाची सेवा करतात. त्यांना विश्रांतीची गरज होती आणि आम्हांला बदलाची. घरी जाण्यास निघताना ते म्हणाले, "उंच इमारती कसल्या पाहतोस? त्या आता आपल्या विरारलाही आहेत. पिल्सेन बघ. आणि जाशील तेव्हा पोट रिकामे ठेवून जा."

त्याप्रमाणे एका रविवारी भल्या सकाळी आम्ही निघालो. तेथील आगगाडी लोखंडी खांबांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीने धावते. 'अठरावा रस्ता' या स्थानकावर उतरून जिना उतरू लागलो, तो पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना, कठड्यांवर, भिंतींवर सर्वत्र चित्रेच चित्रे! फ्रान्सिस्को मेंदोझा नावाच्या चित्रकार-शिक्षकाने वस्तीतल्या मुलांना हाताशी धरून ती रंगविलेली आहेत. आमच्याकडच्या स्थानकांच्या जिन्यांवर बहुतांशी एकच रंगकाम आढळते आणि त्याला पान खाणाऱ्यांखेरीज कोणाचा हात लागत नाही. असो.

खरे सांगायचे तर ती चित्रे प्रथमदर्शनी आम्हांला भडक वाटली. केशरी, निळा, जांभळा हे रंग एकमेकांना खेटून बसलेले, चेहरे प्रमाणाबाहेर मोठे, आणि रिकामी म्हणून जागा कोठेच नाही. सेमिनरीत आमची दृष्टी घडली ती जिओत्तो आणि फ्रा आंजेलिको यांच्या छापील प्रतिमांवर. शांत रंग, मोकळा अवकाश, सोन्याची हलकी रेघ, याला धार्मिक कला म्हणायचे असे आम्ही शिकलो आणि पुढे लोकांनाही शिकवीत आलो. या शिकवणीने आमच्या हातून काय घडले ते पुढे येईलच.

मेक्सिकोत भिंती रंगविण्याची परंपरा प्राचीन आहे. आधुनिक काळात तिला जोर चढला तो १९२० नंतर. तेथील क्रांती शमल्यावर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिवेरा, होसे क्लेमेंते ओरोझ्को आणि दाविद आल्फारो सिकेइरोस हे तिघे त्यातले अग्रणी. ज्या देशात असंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती तेथे इतिहास पुस्तकात ठेवून काय उपयोग, असा हा रोकडा विचार होता. ख्रिस्तसभेला तो नवा नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडून टाकल्या, कारण लोक त्यांची पूजा करू लागल्याचे त्यांच्या मनाने घेतले होते. थोर पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर पाहून तरी वाचतात, असा त्या पत्राचा आशय आहे. चर्चच्या इतिहासाच्या परीक्षेत हा प्रसंग आम्ही चांगला लिहिला होता, हे आम्हांला आजही आठवते.

पिल्सेनच्या रहिवाशांना इतिहास होता, पण भिंती दुसऱ्यांच्या होत्या. १९५० नंतर शेजारच्या भागात महामार्ग झाले आणि १९६५ साली तेथे विद्यापीठाचे आवार उघडले. त्यापायी तेथून उठलेली मेक्सिकन कुटुंबे या वस्तीत आली. कारखान्यांत आणि मांस बांधण्याच्या गोदामांत राबणारे हे लोक. त्यांच्यापैकी काहींनी साधारण १९७० पासून घरांच्या, दुकानांच्या आणि शाळांच्या भिंती रंगवावयास घेतल्या. सोळाव्या रस्त्याच्या कडेने रेल्वेचा काँक्रीटचा लांबच लांब बांध जातो. त्यावर आज चित्रांची रांगच लागली आहे. शेतमजूर, जुने राजे, कणसे, कवट्या, स्थलांतर करणारी फुलपाखरे, आणि थोड्याथोड्या अंतराने पुन्हा पुन्हा ग्वादलुपेची माता. १५३१ च्या डिसेंबरात हुआन दिएगो या नाहुआ शेतकऱ्याला तिचे दर्शन झाले, ती त्याच्या मातृभाषेत बोलली आणि तिची प्रतिमा त्याच्या अंगरख्यावर उमटली, असे परंपरा सांगते. हुआन दिएगो यांना २००२ साली संतपद मिळाले. ज्या मातेने एका गरिबाच्या पांघरुणावर उमटण्यात कमीपणा मानला नाही, तिने वाण्याच्या दुकानाच्या भिंतीला का नाही म्हणावे?

पोट रिकामे ठेवण्याचा सल्ला मात्र प्रथम फळास आला. अठराव्या रस्त्यावर 'कार्नितास उरुआपान' ही १९७५ पासूनची खानावळ आहे. उरुआपान हे मिचोआकान प्रांतातले गाव. डुकराचे मांस त्याच्याच चरबीत, तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत मंद आचेवर कित्येक तास शिजवावयाचे, ही त्या प्रांताची रीत. मांस वजनावर मिळते. गरम टॉर्टिया, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि तिखट साल्सा हा सोबतचा सरंजाम. काटे काढून चिरलेल्या फड्या निवडुंगाची कोशिंबीरही होती. पहिला घास घेतला आणि वसईतले लग्नघर आठवले. आदल्या रात्री मांडवामागे पेटलेली चूल, तिच्यावरचे टोप, आणि चव पाहण्याच्या निमित्ताने भोवती घुटमळणारी आम्ही पोरे!

या साम्यात आश्चर्य नाही. मिरची मूळची त्यांचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि आज तिच्यावाचून आपला बाटली मसाला होत नाही. टोमॅटो त्यांचा, मका त्यांचा, बांधावरचा फड्या निवडुंगही तिकडचा. घोलवड-डहाणूचा चिकू तर नावासकट आलेला आहे. नाहुआंच्या भाषेतील नावाचे स्पॅनिशमध्ये 'चिकोझापोते' झाले आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचे शेपूट गळून पडले. टॉर्टियाचे पीठ करण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून सालपट धुऊन काढतात आणि मग वाटतात. त्यायोगे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपियनांनी मका आपल्या देशी नेला, पण त्यामागची ही रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला आणि पुढे दोन शतके त्याचे कारण वैद्यांना उमगले नाही. दाणा घेतला, पण तो दळणाऱ्या बाईला कोणी काही विचारले नाही.

जेवण उरकून आम्ही चर्चे पाहावयास निघालो. पूर्वी या वस्तीत प्रत्येक जमातीचे चर्च वेगळे असे. चेक लोकांचे संत प्रोकोपियस, जर्मनांचे संत पौल, लिथुआनियनांचे 'देवाची कृपादृष्टी', पोल लोकांचे संत अडालबर्ट. सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. वसईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. संत अडालबर्टचे दोन मनोरे १८५ फूट उंच आहेत आणि इमारत रोममधील संत पौलाच्या महामंदिराच्या धर्तीवर बांधलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा दरवाजांना कुलपे होती. २०१९ च्या जुलैत तेथे शेवटची मिस्सा झाली. मृत प्रभूला मांडीवर घेतलेल्या मरियामातेची संगमरवरी मूर्ती २०२२ साली संत पौलाच्या चर्चमध्ये हलविण्यात आली, तेव्हा विरोध करणारे भाविक रस्त्यावर उभे होते. मनोऱ्यांच्या दुरुस्तीचा खर्च आणि मिस्सेला येणाऱ्यांची रोडावलेली संख्या यांचा मेळ बसत नव्हता, हे खरे आहे. हिशेबाची वही आम्हीही लिहितो, त्यामुळे निर्णय घेणाऱ्यांवर दगड उचलण्याचे धाडस आम्हांला होत नाही. पण संख्या का रोडावली? शहराचा मध्यभाग जवळ, गाडी दाराशी आणि वर भिंतींवर सुंदर चित्रे! पैसेवाल्यांना वस्ती आवडू लागली आणि भाडी चढली. २००० ते २०१० या दहा वर्षांत सुमारे दहा हजार लॅटिन अमेरिकी रहिवासी पिल्सेनमधून निघून गेले. आपल्या हातांनी ज्यांनी वस्तीला शोभा आणली त्यांनाच ती शोभा परवडेनाशी झाली.

'देवाची कृपादृष्टी' या चर्चला १९७९ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी भेट दिली होती. याच बाजूने अठराव्या रस्त्यावरून दर वर्षी शुभ शुक्रवारी सजीव क्रुसाची वाट निघते. तिची सुरुवात १९७७ ची. आदल्या नाताळात वस्तीतल्या एका घराला आग लागून लहान मुले आणि माता दगावल्या होत्या. आत मुले आहेत हे लोक ओरडून सांगत होते, पण अग्निशामक दलाच्या जवानांना स्पॅनिश समजत नव्हते. त्या दुःखातून वस्तीतल्या धर्मग्रामांनी हा प्रघात पाडला. जेथे कोणाचा खून पडला, जेथे घरे मोडकळीस आली, अशा जागी एकेक स्थान घ्यावयाचे. आम्ही इतकी वर्षे क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने चर्चच्या आतल्या भिंतींवर पाहत आलो. अठराव्या रस्त्यावर ती नळाशेजारी आणि दुकानासमोर येतात.

संत प्रोकोपियसच्या दाराशी एक आजीबाई तामाल विकत होत्या. मक्याच्या पिठात मांस किंवा मिरची भरून ते कणसाच्या सालीत गुंडाळावयाचे आणि वाफवावयाचे. आपल्या पानग्यांचा चुलतभाऊच म्हणा ना. बाईंना इंग्रजी येत नव्हते. बारा-तेरा वर्षांचा नातू दुभाष्या झाला. आमच्या गळ्यातील पांढरी पट्टी पाहून त्यांनी पैसे घेण्याचे नाकारले आणि आम्ही कोठले म्हणून विचारले. हिंदुस्थान म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, "आमच्या गावचा एक संत तुमच्या फेलिपेबरोबर क्रुसावर मेला."

नातवाने सांगितले आणि आजीबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

वाचकांना ठाऊकच आहे की आपले संत गोन्सालो गार्सिया वसईस जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील टेकडीवर हुतात्मा झाले. त्या सव्वीस जणांत मेक्सिको शहराचा फेलिपे दे हेसुस होता, हे मात्र आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? फेलिपे तरुण फ्रान्सिस्कन. गुरुदीक्षेसाठी मनिलाहून मायदेशी परतत असता वादळाने त्याचे जहाज जपानच्या किनाऱ्याला फेकले. आपले गोन्सालो तेथे मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून काम करीत होते. दोघांनाही १८६२ साली एकाच दिवशी संतपद मिळाले. एक आपल्या देशाचा पहिला संत, दुसरा त्यांच्या देशाचा. आजीबाईंनी आम्हांला अंजिराच्या झाडाची कथा सांगितली. फेलिपे लहानपणी अतिशय खोडकर. घरची दाई म्हणे, "हा संत झाला तर अंगणातले वाळके अंजीर पालवेल." आणि नागासाकीला त्याने प्राण सोडला त्या दिवशी मेक्सिकोत ते झाड हिरवे झाले. मग त्या म्हणाल्या, "पाद्रे, तुमचा संत कसा दिसतो? चित्र आहे का?"

आमच्याजवळ चित्र नव्हते. जवळ नव्हते एवढ्यावर उत्तर संपले असते तर बरे होते.

तेथून दोन मिनिटांच्या अंतरावर, रेसीन मार्गावर, 'कासा आस्त्लान'ची इमारत आहे. पूर्वी तेथे वस्तीचे सेवाकेंद्र होते. स्थलांतरितांना इंग्रजी शिकविण्यापासून औषधपाण्यापर्यंतची कामे तेथे चालत. दर्शनी भिंतीवर रे पात्लान या चित्रकाराने १९७० च्या दशकात लोकनेत्यांचे आणि पूर्वजांचे चेहरे रंगविले होते. पुढे इमारत संस्थेच्या हातून गेली. २०१७ च्या जूनमध्ये नव्या मालकाने घरे भाड्याने देण्यासाठी डागडुजी काढली आणि एका दिवसात सगळ्या भिंतीवर करडा रंग फासला. वस्ती रस्त्यावर उतरली. मालकाने क्षमा मागितली आणि पात्लान यांनाच बोलावून त्याच वर्षी त्या भिंतीवर नवे चित्र काढून घेतले. आम्ही त्या नव्या चित्रासमोर उभे होतो. रंग ताजे होते. पण आम्हांला दिसत होता तो खालचा करडा थर.

२००६ साली आम्ही एका लहान गावी प्रथमच स्वतंत्र धर्मग्राम सांभाळीत होतो. तेथील चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर संत गोन्सालोंचा हुतात्मदिन रंगविलेला होता. चितारी कोण, तर होड्या रंगविणारा गावातलाच एक कोळी. सव्वीस क्रूस एका ओळीत, मागे समुद्र. जपानच्या टेकडीवर त्याने ताडाची झाडे काढली होती, भालाइतांच्या डोक्यांना मराठेशाही पागोटी होती, आणि समुद्रातल्या गलबताच्या नाळेवर आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांना काढतात तसा डोळा होता. आम्हांला त्याचे हसू येई. पाहुणे धर्मगुरू आले की लाजही वाटे. चर्चच्या डागडुजीत आम्ही ती भिंत खरवडून घेतली आणि वर फिकट पिवळा तैलरंग लावून घेतला. कोणाला विचारले नाही. विचारावे असे मनातही आले नाही. दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "फादर, आमचा गोन्साल कुठे गेला?" आम्ही तरुण होतो, उत्तर जिभेवर तयार असे. म्हणालो, "आजी, तो स्वर्गात आहे." आजूबाजूची माणसे हसली. ती हसली नाही. आमच्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही. आपले लोक पाद्रीबाबांविरुद्ध रस्त्यावर उतरत नाहीत, आणि याचा आम्ही किती फायदा घेतला हे आम्हांलाच ठाऊक.

पोप ग्रेगरींचे पत्र ज्याला तोंडपाठ होते तोच सेरेनस निघाला, आणि तेही प्रतिमापूजेच्या भयाने नव्हे, तर केवळ अभिरुचीपायी.

२ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिवशी, आम्ही पुन्हा पिल्सेनला गेलो. हॅरिसन उद्यानात मेक्सिकन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कार्लोस तोर्तोलेरो आणि हेलन वाल्देझ या शिक्षकांनी सहकाऱ्यांसह १९८२ साली ही संस्था काढली, १९८७ मध्ये तिचे दार उघडले आणि आजतागायत तेथे प्रवेशमूल्य नाही. दर वर्षी या दिवसांत तेथे मृतांच्या स्मरणार्थ वेद्या मांडतात. मृताचे छायाचित्र, मेणबत्त्या, त्याच्या आवडीचे खाणे, गोड पाव, आणि ढीगच्या ढीग झेंडू! हा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. त्या वेळी वसईत आमचे लोक थडगी धुऊन त्यांवर हीच फुले वाहत असतील, या विचाराने परदेशातला तो दिवस सुसह्य झाला. एका वेदीवर छायाचित्राच्या जागी रिकामी चौकट होती. ज्याचे चित्रच राहिले नाही अशा कोणासाठी ती ठेवली असावी, असे आम्हांला वाटले. आम्ही तिच्यापुढे जरा जास्त वेळ उभे राहिलो.

आमच्या सहाध्यायांची पत्रे येत असतात. २०२५ च्या मे महिन्यात शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे निवडून आले तेव्हाचे पत्र आनंदाचे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्थलांतरितांची धरपकड करण्याची मोठी सरकारी मोहीम त्या शहरात सुरू झाली. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी कळविले की पिल्सेनमध्ये लोक गळ्यात शिट्ट्या अडकवून फिरतात, सरकारी गाडी दिसली की वाजवतात, आणि चर्चच्या दारातली तामालची जागा सलग काही रविवार रिकामी होती. त्या आजीबाई घरात बसून असतील की अन्यत्र, ते त्यांना समजले नाही.

ते पत्र आल्यावर आम्ही उठलो आणि त्या जुन्या गावी गेलो. ज्या म्हातारीला आम्ही स्वर्गाचे उत्तर दिले होते ती २०११ मध्येच वारली होती. आम्ही घरोघर जाऊन चर्चमधली जुनी छायाचित्रे मागितली. लोकांना आश्चर्य वाटले, पण त्यांनी पेट्या उघडल्या. प्रथम कम्युनियनची मुले, बिशपांचे स्वागत, गायनमंडळ. सगळ्यांची तोंडे वेदीकडे आणि कॅमेरा पाठीमागे, नाहीतर भिंत अंधारात. चौथ्या घरी १९७४ च्या एका लग्नाचे छायाचित्र निघाले. नवरा-नवरी वेदीपुढे उभी आहेत, आणि नवरीच्या डोक्यावरच्या जाळीच्या मागे साडेतीन क्रूस, एक ताड आणि होडीचा डोळा दिसतो. चित्र कृष्णधवल आहे, त्यामुळे रंग कोणते होते ते आता घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारीत आहोत. एक म्हणतो समुद्र हिरवा होता, दुसरा म्हणतो जांभळा. कोणता क्रूस गोन्सालोंचा आणि कोणता फेलिपेचा, हे कोणालाच सांगता येत नाही. छायाचित्राची एक प्रत आम्ही सहाध्यायांकडे पाठविली आहे. आजीबाई दिसल्या तर त्यांना दाखवावी, असे सोबत लिहिले आहे.